उन्हाळ्याचं आजोळ

डिसेंबर १९२० मध्ये व्हिएन्नाहून निघालेली एक आगगाडी हॉलंडमधल्या लायडन गावी पोचली. गाडीत मुलंच मुलं होती. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली तरी ऑस्ट्रियातली अन्नाची टंचाई संपली नव्हती. उपासमारीनं खंगलेली मुलं काही महिने परदेशातल्या घरांत ठेवायची आणि अंगात थोडी ताकद आली की परत आणायची, अशी ती योजना होती. त्या मुलांमध्ये अकरा वर्षांची एक हर्मिना होती. तिला ज्यांनी आपल्या घरी नेलं ते न्यूवेनबर्ग कुटुंब कष्टकरी वर्गातलं होतं आणि घरात आधीच पाच मुलं होती. त्यांनी पंगतीत सहावं पान मांडलं. पुढं घरच्यांनी तिला लाडानं ‘मीप’ म्हणायला सुरुवात केली.

हीच मुलगी पुढं मीप गीस म्हणून जगाला माहीत झाली. १९४२ ते १९४४ या काळात अॅमस्टरडॅममध्ये अॅन फ्रँक, तिचं कुटुंब आणि इतर चौघं मिळून आठ माणसं नाझींपासून लपून राहिली होती. त्यांना अन्न, पुस्तकं आणि बाहेरच्या बातम्या पोचवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी मीप एक होती. धरपकड झाल्यावर जमिनीवर विखुरलेली अॅनची पानं तिनं उचलली, न वाचता खणात जपून ठेवली आणि युद्धानंतर अॅनच्या वडिलांच्या हाती दिली. मराठीसह जगातल्या कितीतरी भाषांत वाचली जाणारी ती डायरी अशी वाचली. मीप २०१० साली वयाच्या १०० व्या वर्षी वारली. परक्या मुलीला घासातला घास देणाऱ्या घरात ती वाढली होती. पुढच्या धाडसाचं बीज त्या घरात रुजलं असं मी मानतो.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. काही महिन्यांसाठी आलेली ती मुलगी हॉलंडमध्येच राहिली. १९२५ साली पालक आई-वडील तिला व्हिएन्नाला भेटीला घेऊन गेले, तेव्हा तिला कळून चुकलं की आपलं घर आता हॉलंडमध्ये आहे. तिच्या जन्मदात्या आईनं ते मान्य केलं. जगाला मीप मिळाली आणि व्हिएन्नातल्या एका आईची मुलगी मात्र दूर गेली, तीही कोणी वाईट वागलं म्हणून नव्हे, तर सगळे चांगलेच वागले म्हणून.

दुसऱ्या देशातलं मूल एका उन्हाळ्यापुरतं आपल्या घरी आणण्याच्या प्रथेत गेली शंभर वर्षं या दोन्ही बाजू एकत्र नांदत आहेत. त्या समजून घ्यायच्या तर आजच्या काळातलं सगळ्यात बोलकं उदाहरण सहारा वाळवंट आणि स्पेन यांच्यामधलं आहे.

वाळवंटातल्या छावण्या

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पश्चिम सहारा नावाचा प्रदेश आहे. तो स्पेनची वसाहत होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये मोरोक्कोनं सुमारे साडेतीन लाख नागरिकांचा ‘हरित मोर्चा’ या प्रदेशात घुसवला. पाठोपाठ स्पेननं प्रदेशाचा कारभार मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्या हाती सोपवायचा करार केला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये तिथून पाय काढता घेतला. तिथल्या सहरावी लोकांची पोलिसारिओ ही संघटना स्वातंत्र्यासाठी लढायला उभी राहिली. लढाईच्या धगीतून हजारो कुटुंबं पूर्वेला पळाली आणि अल्जीरियातल्या तिंदूफ गावाजवळच्या माळावर येऊन थांबली. १९९१ मध्ये शस्त्रसंधी झाला आणि संयुक्त राष्ट्रांनी सार्वमत घेण्यासाठी पथक पाठवलं. ते सार्वमत आजतागायत झालेलं नाही. २०२० च्या नोव्हेंबरात शस्त्रसंधीही मोडला.

म्हणजे ही माणसं जवळजवळ पन्नास वर्षं छावण्यांत आहेत. छावण्यांना त्यांनी मागं सोडलेल्या गावांचीच नावं दिली आहेत: अल आयून, स्मारा, अवसर्द, दाखला, बोजदूर. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार तिथं सुमारे पावणेदोन लाख निर्वासित होते. सहरावी लोक ज्याला ‘हमादा’ म्हणतात असा तो दगडगोट्यांचा, सपाट, झाड नसलेला मुलूख आहे. मे-जूनमधल्या चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानं सोसला आहे त्याला तिथल्या जुलैची थोडी कल्पना करता येईल. तिथं पारा पन्नाशीला भिडतो आणि बसायला कडुनिंबाची सावलीही नसते. राहायला तंबू आणि मातीच्या विटांच्या खोल्या. पाणी टँकरनं येतं आणि पत्र्याच्या टाक्यांत साठवलं जातं. निर्वासित छावण्यांसाठी माणशी दिवसाला किमान २० लिटर पाणी असावं असा दंडक आहे, पण तिथं अनेकदा तेवढंही मिळत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते दिवस मराठवाड्यातली माणसं अजून विसरलेली नाहीत. या छावण्यांतल्या आजच्या तरुण आयांनी त्याशिवाय दुसरे दिवस पाहिलेलेच नाहीत.

या मुलांना निदान ऐन उन्हाळ्यात तरी तिथून बाहेर काढावं, या विचारातून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लहान लहान गट स्पेनला यायला लागले. पुढं त्याचा मोठा उपक्रम झाला. त्याचं नाव ‘वाकासिओनेस एन पाझ’, म्हणजे शांततेतली सुट्टी. साधारण आठ ते बारा वर्षांची मुलं जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला खास विमानांनी स्पेनला येतात आणि ऑगस्ट संपता संपता परत जातात. ऐन भराच्या काळात वर्षाला आठ-दहा हजार मुलं येत. २००८ नंतरच्या आर्थिक मंदीनं आकडा घसरला, करोनामुळं २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं उपक्रम बंद पडला आणि २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. विमानाचा खर्च गावोगावच्या सहरावी-मैत्री संघटना, नगरपालिका आणि प्रांतिक सरकारं उचलतात. घर, जेवण आणि दोन महिन्यांची माया ही यजमान कुटुंबाची.

एक गोष्ट इथं लक्षात घ्यायला हवी. स्पेन ही त्या मुलांच्या दृष्टीनं केवळ श्रीमंत परकी भूमी नाही. तो त्यांच्या आजी-आजोबांवर राज्य केलेला आणि मग त्यांना वाऱ्यावर सोडून गेलेला देश आहे. छावण्यांतल्या शाळांत आजही हसानिया अरबी बोलणाऱ्या मुलांना दुसरी भाषा म्हणून स्पॅनिश शिकवतात. ज्या देशाच्या सरकारनं हात झटकले, त्याच देशातली साधी घरं या मुलांसाठी दार उघडतात. म्हणून या पाहुणचारात दयेपेक्षा ऋणाची जाणीव अधिक आहे.

भरल्या घरातलं आणखी एक

स्पेनमध्ये ‘फामिलिया नुमेरोसा’, म्हणजे मोठं कुटुंब, ही कायद्यानं ठरवलेली संज्ञा आहे. २००३ च्या कायद्यानुसार तीन किंवा अधिक मुलं असलेल्या कुटुंबाला हा दर्जा मिळतो आणि पाच किंवा अधिक मुलं असली की त्यातला विशेष वर्ग. अशा घरांना ओळखपत्र मिळतं. ते दाखवलं की रेल्वेच्या तिकिटावर सामान्य वर्गाला २० टक्के आणि विशेष वर्गाला ५० टक्के सवलत मिळते. जिथं एखादं-दुसरंच मूल असतं अशा देशात मोठं घर हे आता अपूर्वाईचं झालं आहे, म्हणून सरकार त्याला हातभार लावतं.

पाहुणं मूल कुठं चांगलं रुळेल, असा प्रश्न विचारला तर वाटेल की जिथं जागा जास्त, माणसं कमी, लक्ष द्यायला वेळ भरपूर, तिथं. माझं मत उलट आहे. सहरावी तंबूत, त्यांच्या भाषेत ‘खायमा’त, रात्री आई, भावंडं, आजी, आलेले-गेलेले सगळे एकाच गालिच्यावर ओळीनं झोपतात. तिथून आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला स्वतंत्र खोली, स्वतंत्र पलंग आणि बंद दार दिलं तर ती सोय तिला शिक्षेसारखी वाटते. त्याउलट चार भावंडं एकमेकांवर पाय टाकून झोपणाऱ्या खोलीत खाली एक गादी वाढवली, की रात्र निम्मी सरते.

पहिल्या संध्याकाळचं चित्र बहुतेक घरांत सारखंच असतं. कोणत्याही एका घराचं नाव न घेता ते सांगता येतं. मुलगी लांबच्या प्रवासानं थकलेली आहे. दोन महिन्यांसाठी तिच्याकडं एक लहानशी पिशवी आहे. त्यात आईनं यजमानांसाठी दिलेली एखादी रंगीत ओढणी किंवा हातानं केलेली वस्तू आहे. तिला न्हाणीघरात नेतात आणि नळ सोडतात. पाणी येतं, येतच राहतं. ती हात खाली धरते, मग घाईनं नळ बंद करते, कारण पाणी वाया जाताना पाहणं हे तिला लहानपणापासून निषिद्ध आहे. थोड्या वेळानं ती पुन्हा नळ सोडून पाहते की आता तरी संपलं का. हसानियात ती म्हणते ‘मा’, घरातलं धाकटं पोर म्हणतं ‘आग्वा’, आणि दोघं नळाकडं बोट दाखवून हसतात. पहिला धडा तिथं होतो आणि शिकवणारं मूलच असतं. मोठ्या माणसांनी दहा वाक्यांत सांगितलं असतं ते पोरं एका शब्दात उरकतात.

मग जिना. सपाट माळावर वाढलेल्या मुलाला जिना नवा असतो. काही जण पहिल्या दिवशी कठडा घट्ट धरून एकेक पायरी उतरतात, आणि तिसऱ्या दिवशी तेच मूल घरच्या पोरांबरोबर दोन-दोन पायऱ्या गाळून धावतं. मग समुद्र. ज्या लोकांचा स्वतःचा किनारा जगातल्या समृद्ध मासेमारीच्या पट्ट्यांपैकी एक आहे, त्यांची मुलं समुद्र पहिल्यांदा पाहतात तो दुसऱ्याच्या देशात. या एका वाक्यात त्या राजकारणाची सगळी शोकांतिका आहे.

जेवणाच्या टेबलावर यजमानांना शिकावं लागतं. मुलं मुस्लिम असतात आणि स्पॅनिश स्वयंपाकात डुकराच्या मांसाचा वापर पावलोपावली. जाणती घरं दोन महिने ते मांस स्वयंपाकघरातून बाजूला ठेवतात किंवा मुलाच्या पानात येणार नाही याची काळजी घेतात. इथंही भरल्या घराचा फायदा होतो. ज्या घरात एकाला वांगं नको, दुसऱ्याला दूध पचत नाही आणि तिसरा फक्त भातावर जगतो, त्या घरातल्या आईला आणखी एकाचं पथ्य सांभाळणं नवं नसतं.

मोठ्या घरात आणखी एक गोष्ट आपोआप घडते. पाहुण्याला काम मिळतं. टेबल मांडणं, कपडे दोरीवर टाकणं, धाकट्याला उद्यानात नेणं यांची पाळी तिच्याही वाट्याला येते. काम करणाऱ्याला आपण उपकाराखाली नाही असं वाटतं. ज्या मुलाला दोन महिने फक्त भेटी मिळाल्या, त्याला दोन महिने आठवण करून दिली गेली की तू गरीब आहेस. ज्याला भांडी पुसायला मिळाली, त्याला घर मिळालं.

यजमान मुलांचंही यात शिक्षण होतं. चपला, वह्या, पाणी, वीज या गोष्टी आपोआप येत नाहीत, हे पुस्तकातून सांगून कळत नाही. शेजारच्या गादीवरची मैत्रीण खोलीतला दिवा दहा वेळा लावून-विझवून पाहते, तेव्हा ते कळतं. आणि भांडणं होतात. आपली जागा, आपली सायकल, आपली आई वाटून घ्यावी लागली की घरच्या मुलाला राग येतो. त्या रागाला जाणते पालक लगेच ‘असं बोलू नये’ म्हणत नाहीत. भांडून मग एकत्र जेवणं, हीच भावंडपणाची पहिली खूण आहे.

दोन महिन्यांत शरीराला काय मिळतं

या सुट्टीचा एक मोठा हेतू आरोग्याचा आहे. आल्यावर काही दिवसांतच मुलांची वैद्यकीय तपासणी होते, दात आणि डोळे पाहिले जातात, रक्त तपासलं जातं. छावण्यांत रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आहे, कारण अन्न मुख्यतः मदतीच्या शिध्यातून येतं: गव्हाचं पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर. ताजी भाजी आणि फळं थोडी.

यात एक विलक्षण प्रकार आहे. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळं काहींच्या आतड्याला इजा होते. त्या आजाराला सीलिअॅक म्हणतात. युरोपात तो साधारण शंभरात एकाला असतो. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सहरावी मुलांत हे प्रमाण ५.६ टक्के आढळलं, म्हणजे जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. एक कारण आनुवंशिक आहे, दुसरं आहाराच्या बदलाचं. उंटाचं दूध, मांस आणि खजूर यांवर जगणाऱ्या भटक्या लोकांच्या ताटात आधी वसाहतीच्या काळात आणि मग निर्वासितपणात रोजचा गहू आला. ज्या पिठानं त्यांना जगवलं, त्याच पिठानं काही मुलांची वाढ खुंटवली. पोट फुगलेलं, वजन वाढत नाही, मूल चिडचिडं आणि थकलेलं, अशी लक्षणं असलेल्या कित्येक मुलांना आपला आजार कळतो तो अशा एखाद्या उन्हाळ्यात, रक्ताच्या साध्या चाचणीनं.

गलगंडाची गोष्टही अशीच. आपल्याकडं गलगंड म्हटलं की आयोडिनची कमतरता आठवते, आणि म्हणूनच मिठात आयोडिन घालतात. तिंदूफच्या छावण्यांत उलट आहे. काही विहिरींच्या पाण्यात आयोडिन प्रमाणाबाहेर आहे आणि त्यानंही कंठग्रंथी सुजते. तिथं पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसवणं हाच इलाज. दोन महिन्यांच्या सुट्टीत ते होत नाही.

सुट्टीनं काय साधतं आणि काय नाही, याचा हिशेब चेर्नोबिलच्या मुलांबाबत अधिक नेमका मांडता येतो. २६ एप्रिल १९८६ रोजी युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला आणि किरणोत्सर्गी धुरळ्याची सगळ्यात मोठी झळ शेजारच्या बेलारूसला बसली. नव्वदच्या दशकापासून तिथली मुलं दर उन्हाळ्यात महिना-दीड महिना इटली, आयर्लंड, जर्मनी, स्पेन अशा देशांतल्या कुटुंबांकडं जाऊ लागली. आयर्लंडमध्ये अॅडी रोश यांनी १९९१ मध्ये यासाठी संस्था उभी केली, आणि इटलीतल्या घरांनी सर्वाधिक मुलं सांभाळली. यामागचं शास्त्र असं: जमिनीतलं सीझियम-१३७ निम्मं व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात, पण शरीर ते लघवीवाटे सतत बाहेर टाकत असतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं सीझियम निम्मं व्हायला सुमारे ११० दिवस, दहा वर्षांच्या मुलात सुमारे ५० आणि पाच वर्षांच्या मुलात सुमारे ३० दिवस लागतात. म्हणजे दहा वर्षांचं मूल महिनाभर स्वच्छ दूध-भाजीवर राहिलं तर त्याच्या शरीरातला साठा जवळजवळ एक तृतीयांशानं घटतो. परत जाऊन त्यानं पुन्हा त्याच जंगलातली अळंबी आणि बोरं खाल्ली, त्याच कुरणातल्या गाईचं दूध प्यायलं, तर साठा पुन्हा चढतो.

यावरून दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. उन्हाळा खरंच अंगी लागतो, आणि उन्हाळा म्हणजे उपचार नव्हे. मूळ दुखणं जमिनीत, पाण्यात आणि राजकारणात असतं. सुट्टीनं मुलाला श्वास घ्यायला उसंत मिळते, एवढंच आणि एवढं मोठं तिचं काम आहे.

परतीची बॅग

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घरात बॅग भरायला काढतात. विमानात किती किलो चालेल हे ठरलेलं असतं, म्हणून काटा काढून वजन होतं. बूट, वह्या, औषधं, नवा चष्मा, विजेरी, लहान भावासाठी कपडे, आईसाठी कापड. काही निघतं, काही पुन्हा आत जातं. मुलगी बहुतेक वेळा स्वतःची खेळणी बाहेर काढते आणि धाकट्यांच्या वस्तू आत भरते. ज्यांनी ही बॅग भरताना पाहिली आहे त्यांना सांगावं लागत नाही की हे मूल आपल्या घरी परत निघालं आहे, आणि त्याला तिथंच जायचं आहे.

इथंच यजमानाची खरी परीक्षा असते. मूल इतकं आपलं झालेलं असतं की मनात येतं, इथंच राहिलं तर काय बिघडलं? इथं शाळा आहे, दवाखाना आहे, पाणी आहे. प्रेमातून आलेला हा विचार धोक्याचा आहे. इतिहासानं त्याची किंमत दाखवली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिनलंडमधून सुमारे ७०,००० मुलं सुरक्षिततेसाठी परदेशी पाठवली गेली, बहुतेक स्वीडनला. त्यातली सुमारे १५,००० तिथंच राहिली. जी परतली त्यांतली अनेक लहान मुलं मायबोली विसरून आली होती. स्टेशनवर उभ्या असलेल्या आईशी बोलायला त्यांच्याकडं शब्द नव्हते. त्यांचे जीव वाचले होते हे खरं, पण वाचवण्याच्या त्या रीतीत एक जखम होती, आणि ती कित्येकांनी म्हातारपणापर्यंत बाळगली.

नंतरच्या उपक्रमांची मर्यादा या अनुभवाशी जुळते: सुट्टीपुरतंच, ठरलेल्या तारखेला परत, सोबत मुलांच्याच भाषेचा पर्यवेक्षक, आणि घराशी फोनवरून संपर्क. स्पेनमध्ये यजमानांना हा मुक्काम दत्तक घेण्यासाठी नाही असं लेखी मान्य करावं लागतं, आणि लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला द्यावा लागतो. नियम मोडले की किंमत सगळ्यांना मोजावी लागते. २००६ मध्ये इटलीतल्या एका जोडप्यानं बेलारूसच्या एका मुलीला परत पाठवण्याऐवजी लपवून ठेवलं. तिथल्या अनाथालयात तिचा छळ होतो असं त्यांचं म्हणणं होतं. दोन देशांत तणाव उभा राहिला. २००८ मध्ये अमेरिकेत आलेली एक किशोरी परत गेली नाही, तेव्हा बेलारूस सरकारनं या प्रवासांना अटकाव केला आणि यजमान देशांशी लेखी करारांची अट घातली. ज्या मुलांचा यात काहीच दोष नव्हता, त्यांचे उन्हाळे अडकले. गैरवागणुकीची शंका असेल तर ती पर्यवेक्षकाकडं, संस्थेकडं, सरकारकडं ताबडतोब नेलीच पाहिजे. पण मूल लपवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

सहरावी उपक्रमात मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यापुढची पायरी. तेच मूल पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक वेळा त्याच घरी येतं. आणि हिवाळ्यात किंवा ईस्टरच्या सुट्टीत स्पॅनिश कुटुंबंच विमानानं तिंदूफला जातात. ती छावणीत मुलाच्या तंबूत उतरतात, गालिच्यावर झोपतात, त्याच्या आईच्या हातचा चहा पितात. सहरावी चहा तीन फेऱ्यांचा असतो, आणि तिन्ही पेले घेतल्याशिवाय उठणं असभ्य मानतात. ज्या आईनं दोन महिने आपलं लेकरू परक्याच्या हवाली केलं, ती आता यजमान असते. तिच्या घरी पाणी मोजून असतं, तरी पाहुण्याच्या हातावर आधी पडतं. त्या क्षणी देणारा आणि घेणारा हा फरक पुसला जातो आणि दोन कुटुंबांत सोयरीक जुळते.

आपल्या भाषेत या नात्याला फार सुंदर शब्द आधीपासून आहे: आजोळ. वार्षिक परीक्षा संपली की मूल आजोळी जातं. तिथं मामेभावंडांच्या गर्दीत आणखी एक पान वाढतं. कोणी मोजत नाही. आंबे, विहीर, भांडणं, रात्री ओसरीवर ओळीनं अंथरुणं. आजी लाड करते, पण ती आईची जागा घेत नाही, कारण ती आईचीच आई असते. जूनमध्ये ती लोणच्याची बरणी आणि नवे कपडे देऊन मुलाला त्याच्या घरी पाठवते. मूल परत जातं म्हणून आजोळ आजोळ राहतं. न्यूवेनबर्ग कुटुंब मीपचं घर झालं. तो त्या काळाचा आणि त्या मुलीचा निर्णय होता, त्याला कोणी बोल लावू नये. पण आज जो यजमान होऊ पाहतो, त्यानं आजोळ होण्याचं ध्येय ठेवावं.

परक्या मुलांना आसरा देण्याची परंपरा आपल्या मातीतही आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं पोलंडमधून परागंदा झालेले सुमारे पाच हजार स्त्रिया, मुलं आणि वृद्ध राहत होते. त्यांची तिथं पोलिश शाळा होती, चर्च होतं, स्वतःची भाषा होती. त्यामुळंच ती मुलं वळिवड्याची आठवण घेऊन गेली आणि पोलिशही राहिली. पोलंडची राजधानी वॉर्सा इथं आज कोल्हापूरचं स्मारक उभं आहे. आजही रोटरीसारख्या संस्थांच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीतून परदेशी किशोरवयीन मुलं महाराष्ट्रातल्या घरांत राहायला येतात, आणि परदेशातल्या मराठी घरांतही अशी मुलं राहू शकतात.

तुमच्या घरी असं मूल येणार असेल तर चार गोष्टी सांभाळा. त्याचं नाव बदलू नका, ते नीट उच्चारायला शिका. आठवड्यातून निदान एकदा त्याला त्याच्या भाषेत त्याच्या आईशी मनसोक्त बोलू द्या, आणि त्या वेळी खोलीबाहेर जा. त्याला भेटींपेक्षा कामाची पाळी द्या. आणि परतीची तारीख पहिल्या दिवशीच भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्याच्या हातानं खुणावून ठेवा, म्हणजे ते कितीही रमलं तरी त्याला माहीत असेल की आपलं घर आपली वाट पाहतंय.